ताट रिकामे परत जात नाही

डिसेंबर उजाडला की आमच्या घरात दरवर्षी दोन वाद सुरू होतात. पहिला वाद धाकटी काढते. तिला नाताळचे झाड हवे असते. प्लास्टिकचे, घडी घालून खोक्यात ठेवता येणारे, वर बर्फ म्हणून कापूस चिकटवलेले. म्हापशाच्या बाजारात ती झाडे ढिगाने येतात आणि शाळेतही बाईंनी तसलेच एक उभे केलेले असते. दुसरा वाद होतो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर. तिथे डिसेंबरच्या मध्यापासून रोज एक निरोप येऊन पडतो. मुलांना सांताक्लॉजचे कपडे घालू नका, २५ डिसेंबरला घरात तुळशीपूजन करा, संस्कृती वाचवा, वगैरे वगैरे.

खरे सांगायचे तर मला दोन्ही गोष्टी सारख्याच परक्या वाटतात. आमच्या अंगणातली तुळस वर्षाचे बाराही महिने पाणी पिते. तिचा मोठा दिवस कार्तिकातला. त्या दिवशी वृंदावन रंगवून उसाचे दांडे उभे करायचे, आवळे-चिंचा लावायच्या आणि तिचे लग्न लावायचे. त्या दिवसाला आम्ही गोव्यात 'व्हडली दिवाळी' म्हणतो. ज्या घरात ही दिवाळी होते, त्या घराला तुळशीची आठवण करून द्यायला २५ डिसेंबर कशाला हवा? बरे, हे पूजन तुळशीसाठी असते तर मी काही बोललो नसतो. पण तारीख बघितली की कळते, ते शेजाऱ्यासाठी आहे. त्याने आपल्याकडे बघावे आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवलेली त्याला दिसावी, यासाठी.

आणि ते झाड? ते बिचारे निरुपद्रवी आहे. पण तेही शेजाऱ्याकडे बघत नाही. दुकानातून घरी येते, कोपऱ्यात लुकलुकते आणि जानेवारीत पुन्हा माळ्यावर जाते. त्याच्यासाठी कुणाच्या घरी जावे लागत नाही. गोव्यातला नाताळ असा कधी नव्हता. निदान आमच्या वाड्यावरचा तरी नव्हता.

आमचे गाव बार्देशातले. आमच्या अंगणात तुळस आणि मधले कुंपण ओलांडले की शेजारच्या अंगणात खुरीस. त्या घरातल्या बाईला सगळा वाडा 'तिया' म्हणायचा, म्हणून आम्हीही तियाच म्हणायचो. नाताळच्या सकाळी मिसाहून आलेले तिचे मूल नवे कपडे घालून आमच्या दारात उभे राहायचे. हातात ताट, ताटावर तियाने स्वतः विणलेले पांढरे जाळीदार फडके. ख्रिस्ती घरांत या ताटाला कोंसुआद म्हणतात. हा पोर्तुगीज 'कोन्सुआदा', म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण. इथे येऊन त्याचा अर्थ शेजारी पाठवायचे ताट असा झाला, हे मला फार आवडते.

फडके बाजूला केले की आत नेवऱ्या, दोदोल, बेबिंकेचे काप, बाथ, पिनाग आणि नव्या फणीवर वळलेली कुलकुले. नेवरी तर आमचीच. चवथीला गणपतीसमोर ठेवतो तीच. दोदोलातला गूळ आणि नारळाचा रसही आमच्याच ओळखीचा. पण बेबिंका म्हणजे नारळाचा रस, अंड्याचा बलक, साखर आणि मैदा यांचा एकेक थर भाजत, त्यावर दुसरा ओतत तासन्‌तास केलेली तपश्चर्या. त्यावर आम्ही पोरे तुटून पडायचो.

आजी मात्र नाही. तिला त्या चुलीवरचे चालत नसे. आणि इथेच मला थांबावेसे वाटते. कारण गोव्यातल्या सलोख्यावर लिहिताना आपण सगळे एकदम गोड होतो आणि ही गोष्ट गाळतो. दिवाळीच्या सकाळी तिया आमच्याकडे फोव खायला यायची, पण बसायची पडवीत. फोव केळीच्या पानावर आणि चहा तिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या वेगळ्या कपातून. तो कप फळीवर एकटाच उपडा असायचा. तो तिच्यापर्यंत नेऊन द्यायचे काम माझे होते. कधी विचारले नाही की हा वेगळा का. तियाला ते कळत नव्हते असे नाही. ती त्याबद्दल बोलली नाही, याचा अर्थ तिला काही वाटत नव्हते असाही नाही.

आणि तरी नाताळच्या ताटाबरोबर वेगळ्या फडक्यात पाच केळी आणि एक नारळ यायचाच. ते खास आजीसाठी. कधी तिया स्वतः आली की म्हणायची, "माये, हें तुजें वेगळें." आजी ती केळी देवासमोर ठेवायची, मग खायची. ताट रिकामे परत पाठवायचे नाही हा आजीचा नियम. त्यात गूळ, सुपारी, परसातली भाजी, काहीतरी घालायची आणि मला पिटाळायची. जाताना बजावायची, कुंपणात अडखळू नको, वाटेत तोंडात काही घालू नको आणि कुणी दिले ते नीट सांग.

तो कप माझ्या आईने मोडला. म्हणजे फोडला नाही, आतल्या कपांत मिसळून टाकला. एका नाताळला तिने तियाला सरळ स्वयंपाकघरात बोलावले, आमच्याच कपातून चहा दिला आणि तिच्यासमोर दोदोलाचा तुकडा तोंडात घातला. आजी माजघरात जप करत बसली होती. तिने मान वर केली नाही. मला वाटले, आता रात्री काहीतरी होणार. काही झाले नाही. पुढच्या वर्षी ताट आले, केळी आणि नारळही आले. आजी असेपर्यंत येत राहिले. सोवळ्याचे मी समर्थन करत नाही. ते गेले ते चांगलेच झाले. पण समोरच्याचे सोवळे आपल्याला खुपत असतानाही त्याच्यासाठी केळी वेगळी काढणाऱ्या बाईचे मन केवढे असेल, हे मला आता या वयात थोडे थोडे कळते.

गटावर हे लिहिले की एक काका हमखास विचारतात, "आपल्या देवळांचे काय झाले ते विसरलास?" नाही विसरलो. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला का आला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला का गेली, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. इन्क्विझिशन १५६० साली आले आणि १८१२ साली कायमचे गेले. हा काळ थोडाथोडका नव्हे, अडीचशे वर्षांचा. पण तो जाच एकट्या हिंदूंनी सोसला असे मानणेही चूक आहे. १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांच्याच लग्नातल्या आणि घरातल्या कितीतरी जुन्या रीतींवर बंदी घातली. तरी आजही ख्रिस्ती नवरीला चुडा भरतात आणि नारळाच्या रसाने रोस काढतात. फर्मान गेले, रोस राहिला. मग त्या बाईने पाठवलेल्या ताटावर फर्मान काढणाऱ्यांचा हिशेब कसा चुकता करायचा?

आणि ही गोष्टच परकी आहे म्हणणाऱ्यांना, निदान मराठी वाचणाऱ्यांना तरी, एक आठवण द्यायला हवी. फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली इथल्याच रायतूरला छापले गेले. ते ओवीत आहे आणि मराठीत आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या जुन्या पुराणांची सवय होती, तसे काही त्यांना हवे होते, म्हणून त्या परदेशी पाद्रीने आपल्या पुराणांचा साचा उचलला. म्हणजे येशूच्या जन्माची कथा आपल्या भाषेत, आपल्या छंदात, चारशे वर्षांपूर्वीच सांगून झालेली आहे. मराठीचा अभिमान सांगताना आपण हा ग्रंथ पुढे करतो. मग त्यातली कथा मुलांना सांगायला का कचरतो? ती सांगितल्याने कुणी बाटत नाही. मी माझ्या पोरांना सांगितली. जागा न मिळालेली गरोदर बाई आणि गोठ्यात जन्मलेले मूल. थोरला लगेच म्हणाला, "कृष्ण तुरुंगात जन्मला, तसेच." पोरांना सांगावे लागत नाही.

आता तिया नाही. तिचे घर वर्षातले बहुतेक महिने बंद असते. मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला. बार्देशात आणि सासष्टीत अशी कुलपे आता मोजत बसू नयेत. त्या घरावर नखेत्र लागत नाही, गोठा होत नाही, ताट येत नाही. पाच-सहा वर्षे नाताळची सकाळ आमच्याकडे साध्या सुट्टीसारखी गेली. धाकटीने झाड मागायला सुरुवात केली ती याच काळात, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तिला झाड नको होते, नाताळ हवा होता. आणि तो येण्याची वाट बंद झाली होती.

गेल्या वर्षी तियाचा मुलगा बायकापोरांसह नाताळला येणार असे कळले. आईने कुणाला न विचारता नारळाच्या पाच करवंट्या घेतल्या, त्यात माती भरली आणि नाचणे पेरले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, नाताळच्या गोठ्यात जे हिरवेगार गवत दिसते ते पुष्कळदा नाचण्याचे असते. नाताळच्या आधी आठ-दहा दिवस पेरायचे, रोज पाणी शिंपडायचे. नवरात्रात आपण घटाभोवती धान्य रुजवतो, तसेच. तियाला पेरताना आईने तीसेक वर्षे कुंपणावरून पाहिले होते. "ते दोन दिवस आधी येतील, मग नाचणे कधी रुजणार?" एवढेच ती म्हणाली.

२३ तारखेला धाकटी त्या करवंट्या ताटात घेऊन कुंपण ओलांडून गेली. मागून मी नकळत ओरडलो, "अडखळू नको गो!" तासाभराने बघायला गेलो तर तियाची नातवंडे आणि माझी पोरे बलकांवात पेंढा पसरून बसली होती. त्यांना कोकणी जेमतेम येते, आमच्यांना इंग्रजी शाळेपुरते. थोरला त्यांना बांबूच्या काड्यांचे नखेत्र बांधायला शिकवत होता. आकाशकंदील करता येत असेल तर नखेत्राला वेगळे काही शिकावे लागत नाही. काड्या त्याच, पतंगी कागद तोच, खळही तीच. तियाचा मुलगा त्या हिरव्या करवंट्यांकडे बघत उभा होता. काही बोलला नाही.

संध्याकाळी धाकटी ताट घेऊन परत आली. त्यात दुकानातल्या बिस्किटांचा एक पुडा आणि पाच केळी. तियाच्या मुलाने बेकरीपर्यंत चालत जाऊन आणली होती. म्हणाला म्हणे, ताट रिकामे पाठवले तर माय रागावली असती.

माझे म्हणणे एवढेच. घरात लहान मुले असतील तर नाताळ करावा की करू नये, झाड आणावे की तुळस पुजावी, हा वाद बाजूला ठेवावा. सांता रात्री गुपचूप येतो आणि देऊन जातो. मुलाला फक्त घ्यायचे असते. ताटाचे तसे नाही. ते मुलाला दोन्ही हातांनी धरावे लागते, कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते, नाव सांगावे लागते आणि परत येताना हातात काय आहे ते बघावे लागते. सात वर्षांच्या पोराला एवढा नाताळ पुरे. एवढी दिवाळीही पुरे. फ्लॅटात राहणाऱ्यांनाही हे अवघड नाही, समोरच्या दारापर्यंत चार पावले असतात. घरी करायला वेळ नसेल तर बेकरीतून आणा, पण डिलिव्हरीवाल्याच्या हातून पाठवू नका. पोराच्या हातात द्या.

या वर्षी शेजारचे येणार नाहीत, असा निरोप आला आहे. आईने तरी करवंट्या धुऊन उन्हात ठेवल्या आहेत. वाड्याच्या पलीकडच्या टोकाला एक ख्रिस्ती कुटुंब नवे राहायला आले आहे, घरात दोन लहान मुले आहेत असे ऐकतो. धाकटीला मी ते घर दाखवून ठेवले आहे.