मागच्या सीटवरची जांभई

मुंबईतला वलीमा आटोपून रात्री उशिरा परतीला निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. बोरघाट चढताना सगळे जागे असतात. वळणं, ट्रकचे दिवे, पोटात गोळा. कुणी मनातल्या मनात दुआ पढत असतं. लोणावळा मागे पडलं की रस्ता सपाट होतो, काचेतून मावळातली गार हवा येते आणि मागच्या सीटवर एखादी खाला जांभई देते. मग तिची सून, मग शेजारचं पोर. कामशेत, वडगाव करत जुन्या हायवेने गाडी सोमाटणे फाट्याजवळ येते, तोवर पाळी ड्रायव्हरची आलेली असते.

आपण घाटाला भितो. पण घाटात झोप लागत नाही. ती लागते घाट संपल्यावर, घर अर्ध्या तासावर आलं की.

जांभई का येते, याचं शाळेत ऐकलेलं उत्तर म्हणजे शरीराला प्राणवायू कमी पडतो. ते चूक आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी 1987 साली हे तपासलं. काही लोकांना शुद्ध प्राणवायू दिला, काहींना कार्बन डायऑक्साइड वाढवलेली हवा. जांभयांच्या संख्येत फरक पडला नाही. दुसरं मत असं, की जांभई मेंदूला थोडं गार करते. 2007 च्या एका प्रयोगात कपाळावर थंड पट्टी ठेवलेल्यांना दुसऱ्याची जांभई पाहून येणारी जांभई जवळजवळ आलीच नाही. यावर वाद अजून चालू आहे. मात्र झोप आणि जागेपणा यांच्या उंबरठ्यावर जांभया वाढतात, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ नको. फज्रला उठवलेल्या पोराकडे पाहिलं तरी पुरे.

ती पसरते कशी, हे जास्त मजेचं आहे. आईच्या पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं, पण दुसऱ्याची पाहून जांभई देणं मूल साधारण चार-पाच वर्षांचं झाल्यावर नीट दिसू लागतं. म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रोव्हाइन यांनी जांभयांची चित्रफीत दाखवली तेव्हा पाच मिनिटांत निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना जांभई आली. नुसता आवाज ऐकून येते, वाचूनही येते. (आतापर्यंत तुम्हाला एखादी आलीच असेल.) 2011 मध्ये इटलीतल्या दोन संशोधकांना असं दिसलं, की जांभई सर्वांत जास्त घरच्या माणसांकडून लागते, मग मित्रांकडून, अनोळख्याकडून सर्वांत कमी. हे मायेमुळे होतं की आपण आपल्या माणसाकडे जास्त लक्ष देतो म्हणून, यावर एकमत नाही.

आता गाडीत पाहा. सगळी घरचीच माणसं आणि सगळी पेंगुळलेली.

नुसती लागलेली जांभई धोक्याची नसते, ती एकदा येऊन जाते. पण ड्रायव्हरला पाठोपाठ जांभया येत असतील, डोळे चुरचुरत असतील, मागची दोन-तीन किलोमीटर कशी गेली ते आठवत नसेल, तर ती त्याची स्वतःची झोप आहे. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळपास 90 मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

आपल्याकडे जांभई शक्य तितकी आवरावी आणि तोंडावर हात ठेवावा, अशी हदीसची शिकवण आहे. शेजारच्या घरांत आजी चुटकी वाजवतात. जुन्या उलमांनी जांभईचा संबंध भरल्या पोटाशी आणि सुस्तीशी जोडला. बिर्याणीनंतरच्या प्रवासाला तो अगदी लागू पडतो. हात तोंडावर जरूर ठेवावा, पण त्यामागे सुस्ती लपवू नये. "झोप येतेय का?" असं विचारलं की आपल्याकडचा चालवणारा हमखास "छे, छे" म्हणतो. म्हणून आम्ही म्हणतो, विचारूच नका. त्याच्या जांभया मोजा.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं यांनी झोप जात नाही. चहाचा असर व्हायलाही अर्धा तास लागतो. तेव्हा चहा घ्यावा आणि लगेच वीस मिनिटं खरोखर झोपावं. जुन्या हायवेवर त्यासाठी हॉटेलचं आवार बघावं. एक्स्प्रेस-वेवर कडेला गाडी उभी करणं हाच मोठा धोका, तिथे फूड मॉल किंवा पेट्रोल पंपच गाठावा. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपू नये, हा नियम घरात एकदाच ठरवून टाकावा.

आणि एक गोष्ट यजमानांसाठी. पाहुण्यांच्या भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर सकाळपासून जागे असतात. त्यांना दस्तरखानावर सगळ्यात शेवटी बसवलं जातं आणि जेवण उरकताच रात्री एकला "चला" म्हणून हाक येते. शादीखान्यात वधूपक्षाला खोली असते, वरपक्षाला असते, सामानालाही असते. एका खोलीत चार गाद्या आणि एक पंखा ड्रायव्हरांसाठी ठेवायचा, त्यांना पहिल्या पंगतीत जेवू घालून तिथे पाठवायचं. हॉल ठरवतानाच ही खोली मागून घ्यावी.