उंटाची चाल

स्प्राइट अॅनिमेशन शिकायचं म्हटलं की मुलं आधी विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं? इथे कतारमध्ये, अल गराफात, आमच्या कन्येने गेमसाठी उंट काढायला घेतला, तेव्हा सॉफ्टवेअरची अडचण नव्हतीच. पिस्केल ब्राउझरमध्ये फुकट चालतं. अडला तो पायांपाशी. तिने घोड्याची तयार वॉक सायकल घेतली आणि पाठीवर मदार चढवली. आठही फ्रेम सफाईदार, पण उंट काही वाटेना.

मग शुक्रवारी सकाळी अल शहानिया गाठलं. शर्यतीचे उंट तिथे सरावाला निघतात, पाठीवर छोटे यांत्रिक स्वार घेऊन. (लहान मुलांना स्वार करण्यावर कतारने 2005 मध्ये बंदी घातली, फार चांगलं केलं.) संथ चालणारा उंट नीट पाहा: एका बाजूचे पुढचा नि मागचा असे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलले जातात, मग दुसऱ्या बाजूचे. चालताना घोड्याचे पाय एकेक करून पडतात. उंटावरचा माणूस डावी-उजवीकडे हेलकावतो तो यामुळेच.

घरी येऊन तिने पाय नव्याने काढले. आधी पाऊल टेकल्याची फ्रेम, मग भाराने अंग खाली आलेली, मग एक पाय दुसऱ्याला ओलांडतानाची, मग अंग वर उचललेली; दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच. मदार अंगामागून एक फ्रेम उशिरा हलवली, तीही एकाच पिक्सेलने, आणि त्या एवढ्याशा चित्राला वजन आलं!

फ्रेम वाढवल्या की काम सुधारतं असं नाही. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओची चाल तीन चित्रांत भागवली आहे. कस लागतो तो निरीक्षणाचा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी (1989) जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्र रेखला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी तर ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर सलग दाखवली, आणि पुढे आगकाड्या एकेक फ्रेमने हलवून त्यांचा चित्रपट केला. मुलांना हे आवर्जून सांगायला हवं. ही चिकाटी आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीची आहे.

आता तिला धावणारा उंट हवाय. त्याचं गणित वेगळं, म्हणून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपून, फ्रेम थांबवत, आधी फक्त पावलांच्या जागा कागदावर मांडायच्या असं ठरलंय.