तळातला रस्सा

श्रावण लागला की आमच्या ओट्यावर ओल्या पंचाचं एक गाठोडं दिसू लागतं. सकाळी भिजत घातलेली मटकी रात्री उपसायची, पंचात घट्ट बांधायची, पातेल्यात ठेवून वर झाकण घालायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाठ सोडायची. तोवर टपोरे मोड आलेले असतात आणि त्यातले काही पंचाच्या विणीतून बाहेर डोकावत असतात. ते न मोडता अलगद सोडवायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. आजही ते मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

गेल्या आठवड्यात हेच करत बसले होते, तेवढ्यात शेजारची सून आली. अठ्ठावीस वर्षांची, नोकरी करते, लेक पहिलीत आहे. पाऊस सुरू झाल्यापासून या सुनेला तिसऱ्यांदा सर्दी-ताप झालाय. हातात पावडरीचा डबा होता, साडेसहाशे रुपयांचा, त्यावर ढालीचं चित्र. “काकू, हे दुधातून घ्यायचं की पाण्यातून? यानं इम्युनिटी वाढेल ना?”

डब्याबद्दल मी काहीच बोलले नाही. काल दिवसभरात काय काय खाल्लंस, एवढंच विचारलं. तिला आठवायला वेळ लागला. सकाळी चहा आणि दोन खाऱ्या. ऑफिसच्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी परत चहा. रात्री मुलीनं ताटात टाकलेला वरणभात आणि वर एक पोळी, लोणच्याशी. फळ? “आणते ना, पिल्लूला पेरू फार आवडतो.” आणि तू? त्यावर ती नुसती हसली.

त्या हसण्यावरच आजचं हे सगळं लिहिते आहे.

आपल्याकडे कोरोनानंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द घराघरात आला आणि त्याच्यामागून काढे, गोळ्या, पावडरी, सरबतं आली. जणू शरीरात कुठेतरी एक टाकी आहे आणि वरून ओतलं की ती भरते. तसं नसतं. रोगाशी झुंजणारी यंत्रणा म्हणजे रक्तातल्या निरनिराळ्या पांढऱ्या पेशी, त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडं, आतड्याचं आणि नाकाघशाचं अस्तर, आपली त्वचा. प्रतिपिंडं ही प्रथिनंच असतात. पेशी रोज नव्या घडवायच्या तर त्यालाही प्रथिनं लागतात, लोह लागतं, जस्त लागतं, अ, क, ड ही जीवनसत्त्वं लागतात. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, तिथे या पेशींपैकी काहींची तालीम होते. कुपोषित मुलांमध्ये ती ग्रंथी आक्रसून जाते. अशी मुलं एका आजारातून उठतात न उठतात तोच दुसऱ्यात सापडतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. आणि ही यंत्रणा अवाजवी चवताळली तरी त्रासच होतो, दमा आणि ॲलर्जी ही त्याचीच उदाहरणं. म्हणून तिला रोज पुरेसं खायला मिळतंय की नाही, एवढाच प्रश्न घरात विचारण्यासारखा आहे.

आता मटकीची एक गोष्ट सांगते. ती आपल्या माणसांची आहे, तरी आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ मध्ये, आजच्या इराकमध्ये तैग्रिस नदीच्या वळणावर कुट नावाच्या गावात ब्रिटिशांची एक फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्या फौजेचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शिधा संपत आला, तेव्हा घोडे आणि खेचरं मारून खाण्याची वेळ आली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी धर्माच्या कारणानं कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. ताजा भाजीपाला तर नव्हताच. हिरड्या सुजून रक्त येणं, जखमा न भरणं, दोन पावलं चालून बसकण मारणं, अशा स्कर्व्हीनं आपले जवान आजारी पडू लागले. गोऱ्यांना स्कर्व्हीऐवजी बेरीबेरी झाला, कारण त्यांच्या पावाचं पीठ पांढरं, कोंडा काढलेलं होतं. आपल्या लोकांना त्यापासून त्यांच्या कोंड्यासकट आट्यानं वाचवलं. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत, कुणाच्या ताटात काय आहे यावरून रोग ठरत होता.

मेसोपोटेमियाच्या त्या आघाडीवर १९१६ मध्ये हजारो हिंदी सैनिकांना स्कर्व्ही झाला. बाटल्यांतून लिंबाच्या जातीच्या लाइम या फळाचा रस पाठवला जात होता, तरी गुण येईना. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधक बायकांनी याचा छडा लावायला घेतला. त्यांच्या प्रयोगांतून दिसलं, की साठवलेल्या बाटलीबंद रसात स्कर्व्ही रोखण्याचा गुण जवळजवळ उरतच नाही. कोरड्या कडधान्यांतही तो नसतो. पण तीच कडधान्यं भिजवून मोड आणली, की तो गुण त्यांच्यात येतो. ताजी भाजी पोचत नाही अशा आघाडीवर सैनिकांना मोडाची कडधान्यं द्या, असं त्यांनी सुचवलं. ज्याला आपण क जीवनसत्त्व म्हणतो ते अजून कुणी वेगळं काढून दाखवलेलं नव्हतं, ते पुढे १९२८ साली झालं.

हे प्रथम वाचलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. ज्या जवानांच्या घरी आया-आज्या दर आठवड्याला मटकीला मोड आणत होत्या, ते परमुलुखात मोड नसल्यानं आजारी पडले. गोठवणारी थंडी, तोफा, आणि भिजवून बांधून ठेवणारं कुणी नाही.

मोड येताना क जीवनसत्त्व तयार होतं, आणि आणखीही एक गोष्ट होते. कडधान्यांत फायटेट नावाचा एक घटक असतो, तो लोह आणि जस्त धरून ठेवतो, शरीराला सहज मिळू देत नाही. भिजवल्यानं आणि मोड आणल्यानं तो कमी होतो. १०० ग्रॅम कोरड्या मटकीत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. शेजारच्या सुनेच्या त्या दिवसाच्या जेवणाचा हिशेब मी तिच्यासमोरच मांडला. ओढूनताणून निम्मी भरली. साडेसहाशे रुपयांत चार किलो मटकी येते, हेही सांगितलं.

उसळ वाढताना तिच्यावर ताजं लिंबू पिळावं. कडधान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत होते. कांदेपोह्यांवर लिंबाची फोड ठेवायची आपली रीत किती शहाणपणाची आहे पाहा. उलट जेवण झाल्याझाल्या चहा घेतला तर लोह शोषलं जायला अडथळा येतो, म्हणून तो तासाभरानं घ्यावा. मोड फार शिजवू नयेत, पण पावसाळ्यात कच्चेही खाऊ नयेत. ओल्या उबेत मोडांसोबत जंतूही वाढतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस घरात असेल तर दणदणीत वाफ द्यावीच.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या तुम्हाला ठाऊक आहेत. आत्ता पेरूचे दिवस येताहेत. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, बाईची दिवसाची गरज ६५ ची. म्हणजे लेकीला दिलेल्या पेरूची एक फोड आईनं खाल्ली तरी तिचं बरंच भागतं. आवळे कार्तिकात येतील, तेव्हा ते. शेवग्याचा पाला, अळू, लाल भोपळा यांतून अ जीवनसत्त्व तयार करायला लागणारा ऐवज मिळतो, आणि अ जीवनसत्त्व कमी पडलं की गोवर आणि जुलाब मुलांना जास्त छळतात. ज्यांना चालतं त्यांनी अंडं खावं. स्वस्त आणि पुरं अन्न म्हणून त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. ताक रोज असावं. हळदीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये रद्द झालं, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण हळदीतलं कर्क्युमिन असतं तीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलंही शरीर फार थोडं शोषतं. हळद फोडणीत हवीच. तिच्या दुधाच्या एका पेल्यावर भिस्त ठेवून जेवणात हयगय करू नये.

साध्या अन्नात किती बळ आहे हे अलीकडच्या काळात झारखंडमध्ये दिसलं. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी सहकाऱ्यांसह तिथल्या चार जिल्ह्यांत २,८०० क्षयरुग्णांच्या घरी काम केलं. रुग्णांना सगळीकडेच शिधा मिळत होता. निम्म्या भागात मात्र रुग्णाच्या घरातल्या इतर माणसांनाही, प्रत्येकी महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. घरची ही माणसं दहा हजारांवर होती. त्यांतली बरीचशी संथाळ, हो, मुंडा, उराव अशा आदिवासी समाजांतली, आणि सुमारे एक तृतीयांश माणसं कुपोषित. ‘लॅन्सेट’मध्ये २०२३ साली निष्कर्ष छापून आले. ज्या घरांतल्या सर्वांना शिधा मिळाला, तिथे नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं, आणि फुप्फुसाचा, इतरांना लागण करणारा क्षय ४८ टक्क्यांनी कमी. हे कशानं झालं? भात-वरणानं आणि सोबतच्या त्या गोळ्यांनी. परदेशी फळ नव्हतं, महागडी पावडर नव्हती.

आता आपल्या रेशन दुकानाकडे पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. झारखंडच्या त्या शिध्यात तांदूळही तेवढेच होते. त्यात जी दीड किलो तूरडाळ होती, ती आपल्या कायद्यात नाही. क्षयरुग्णाला आहारासाठी सरकार महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले, हे चांगलंच झालं. पण डाळ रेशनवर बारमाही मिळाली पाहिजे, सणासुदीपुरती नको. ही मागणी मी पुन्हा पुन्हा करणार आहे. आणि हेही सांगते, की दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर उसळ खात बसू नका, आधी थुंकी तपासून घ्या. मुलांच्या लसी वेळेवर द्या. अन्न त्यांची जागा घेत नाही.

रेशनवर डाळ आली तरी ती घरातल्या प्रत्येकाच्या पोटात जाईल याची खात्री मला नाही. ते कशामुळे, तेही सांगते.

माझी आई मटकीची उसळ अशी करायची की गल्लीत वास जायचा. गोडा मसाला, चिमूटभर गूळ, आमसूल, वरून ओलं खोबरं. आधी वडील आणि आजोबा बसायचे, मग आम्ही भावंडं. शेवटी आई बसायची तेव्हा पातेल्यात फक्त रस्सा उरलेला असायचा. त्यात ती भाकरी कुस्करायची आणि म्हणायची, “मला रस्साच आवडतो गं.” मटकी आमच्या वाट्याला यायची आणि तळातला रस्सा तिच्या. कितीतरी वर्षं मला ते खरंच वाटत होतं. ती पन्नाशीला आली तेव्हा थंडीपावसात सतत आजारी असायची, जिना चढताना धापा टाकायची. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सात पॉइंट काहीतरी निघालं. त्या दुपारी मी पहिल्यांदा तिला माझ्याआधी जेवायला बसवलं आणि डावानं तळातून ढवळून मटकी वाढली. ती म्हणाली, “अगं, एवढी कशाला?” आणि सगळी खाल्ली.

आमच्या घरातली ही जुनी गोष्ट संपली असं मला वाटत होतं. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. आणि शेजारची सून, शिकलेली, कमावती, आजही लेकीच्या ताटातलं उरलेलं जेवते आहे.

श्रावणातल्या शुक्रवारी आपण मुलांच्या आयुष्यासाठी जिवतीची पूजा करतो आणि घरी आलेल्या बायकांच्या हातावर चणे-फुटाणे आणि गूळ ठेवतो, दूध देतो. मुलाला जपायचं तर त्याच्या आईला आधी खायला घालायला हवं, हे त्या रीतीत मला स्वच्छ दिसतं. येत्या शुक्रवारी मी शेजारच्या सुनेला जेवायलाच बोलावलं आहे. डब्याचं काय करायचं ते तिचं तिनं ठरवावं.

तुमच्या घरात उसळ शिजेल तेव्हा एवढं करा. पातेलं खाली उतरलं की डाव तळापर्यंत घाला आणि पहिली वाटी जिनं शिजवलं तिची भरा.