सेलूच्या मुलांनी वाघ कोठे पाहावा?

शाळांना सुटी लागली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून सहकुटुंब सहलींचे सल्ले सुरू होतात. विस्तीर्ण प्राणिसंग्रहालयात दिवस कसा घालवावा, सकाळी किती वाजता निघावे, सफारीचे तिकीट आधीच कसे काढावे, मुलांसाठी टोपी व पाण्याची बाटली कशी विसरू नये, याची साग्रसंगीत माहिती त्यांत असते. घरापुढे मोटार उभी आहे, महिन्याचा पगार बँकेत जमा होतो आणि प्राणिसंग्रहालय तासाभराच्या अंतरावर आहे, असा वाचक या सल्लागारांनी मनाशी धरलेला असतो. परभणी जिल्ह्यातील सेलूच्या मोंढ्यात पाठीवर पोती वाहणारा हमाल, जिनिंगवर सरकी उपसणारा मजूर आणि दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणारी त्याची बायको या हिशेबात कोठेच नसतात. त्यांच्या मुलांनाही पाठ्यपुस्तकात वाघ, पाणघोडा आणि मगर भेटतात. "हे खरे कुठे पाहायला मिळतील?" असे त्यांच्यातील एखादीने विचारले, तर बापाने काय उत्तर द्यावे? आमच्या मते हा प्रश्न त्या बापाला नव्हे, राज्यकर्त्यांना विचारला पाहिजे.

प्रथम हिशेब मांडू. सेलूहून पुण्याचे कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, नागपूरचे गोरेवाडा आणि हैदराबादचे नेहरू प्राणिसंग्रहालय ही तीनही ठिकाणे तीनशे ते चारशे किलोमीटरांच्या टप्प्यात पडतात. मुंबईची राणीची बाग त्याहूनही दूर. म्हणजे 'एक दिवसाची सहल' हे शब्दच येथे निरर्थक होतात. जाण्याची एक रात्र, पाहण्याचा एक दिवस, परतीची एक रात्र. आणि रोजंदारीवरील माणसाचे निदान दोन दिवसांचे काम बुडते. त्यातच प्रत्येक प्राणिसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे असा नियम आहे. प्राण्यांच्या विश्रांतीसाठी तो योग्यच आहे. परंतु कात्रज बुधवारी बंद, हैदराबाद सोमवारी बंद, हे ज्याला कोणी सांगितले नाही त्याने रात्रभर प्रवास करून बंद फाटकाचे दर्शन घ्यायचे!

प्रवासाचेही तेच. सेलू हे मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचे स्थानक. रेल्वे दारात आहे. परंतु पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र राखीव जागा हवी असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे मोजावे लागते. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये महामारीचे निमित्त करून काढली, ती महामारी सरल्यावरही परत दिली नाही. आजी-आजोबा आणि दोन नातवंडे घेऊन निघालेल्या कुटुंबावर या दोन निर्णयांचा भार एकदमच पडतो. एसटीने महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत दिली आणि शाळांच्या सहलींनाही निम्मे भाडे आकारले जाते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. सार्वजनिक सेवेने मनात आणले तर काय होऊ शकते याचा तो पुरावाच आहे. मात्र त्याच एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले, हेही विसरून चालणार नाही.

येथे आपल्यातीलच काही साथी हरकत घेतील. कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेले, दसरा उलटताच ऊसतोडीसाठी गावेच्या गावे रिकामी होतात. अशा वेळी पक्षाच्या साप्ताहिकाने वाघ-सिंह पाहण्याची चर्चा करावी काय? या हरकतीमागची कळकळ आम्हांला मान्य आहे. तिच्यामागचा विचार मान्य नाही. गरिबाला भाकरी हवी, एवढेच म्हणून जो थांबतो तो नकळत मालकाच्याच भाषेत बोलू लागतो. मालकालाही मजुराने खावे आणि पुन्हा कामाला यावे एवढेच हवे असते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली, ती केवळ थकलेले अंग टाकण्यासाठी नव्हती. आठवड्यातील एक दिवस माणसाचा स्वतःचा असावा, तो त्याने मुलाबाळांत घालवावा, समाजाचे काही काम करावे, हा त्या लढ्याचा आशय होता. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही शेतमजुराला पगारी सुटी नाही. आठवडी बाजाराचा दिवस हीच त्याची सुटी, आणि तीही मीठ-मिरची घेण्यात सरते. कामाचे तास हा जसा वर्गीय प्रश्न आहे, तसाच विरंगुळ्याचा तासही वर्गीय प्रश्न आहे.

प्राणिसंग्रहालयाचा इतिहासच याची साक्ष देतो. दूरदेशीचे पशू पाळणे हा एके काळी राजेरजवाड्यांचा षोक होता. फ्रान्सच्या राज्यक्रांतीने व्हर्सायच्या राजवाड्यातील उरलेसुरले प्राणी पॅरिसच्या वनस्पती उद्यानात आणले आणि १७९४ मध्ये तेथे जनतेचे प्राणिसंग्रहालय उभे राहिले. लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ मध्ये सुरू झाले ते केवळ सभासद विद्वानांसाठी. सामान्य माणसाला तिकीट काढून आत जाण्यास १८४७ उजाडावे लागले. महायुद्धात बेचिराख झालेल्या बर्लिनच्या पूर्व भागात १९५५ मध्ये नवे प्राणिसंग्रहालय उभारले गेले, तेव्हा हजारो नागरिकांनी तेथे स्वेच्छेने श्रमदान केले. घरे पडलेली असताना बाग कशाला, असे त्यांनी म्हटले नाही. आणि ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत आपला मराठवाडा खितपत होता, त्याच्या राजधानीत १९६३ मध्ये नेहरू प्राणिसंग्रहालय सर्वांसाठी खुले झाले. राजाच्या हौसेची वस्तू प्रजेच्या मालकीची होणे, हा लोकशाहीचाच प्रवास आहे.

मग मराठवाड्याच्या वाट्याला काय आले? छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या महापालिकेचे सिद्धार्थ उद्यान. सेलूहून रेल्वेने अडीच-तीन तासांत तेथे पोहोचता येते, आणि आपल्या भागातील मुलांनी पाहिलेला पहिला वाघ बहुधा तेथलाच असतो. परंतु शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकाशेजारी, वाहनांच्या गजबजाटात हे संग्रहालय दाटीवाटीने बसले आहे. जागा अपुरी आणि सोयी अपुऱ्या, म्हणून २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्याची मान्यता काढून घेतली. महापालिकेने दाद मागून मुदत मिळवली. शहराबाहेर मिटमिटा येथे शंभर एकरांच्या आसपास जागेवर प्रशस्त प्राणिउद्यानाची योजना आखली गेली, आणि ती वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. निधी, निविदा आणि नवे मुहूर्त यांच्या बातम्या मात्र नियमित येत राहिल्या.

दुसरीकडे काय घडले पाहा. याच सिद्धार्थ उद्यानातून फेब्रुवारी २०२० मध्ये 'शक्ती' आणि 'करिश्मा' ही वाघांची जोडी मुंबईच्या राणीच्या बागेत नेण्यात आली. प्राण्यांची अशी देवाणघेवाण नियमानुसार होते आणि वंशवृद्धीसाठी ती आवश्यकही असते; मुंबईच्या कामगारांच्या मुलांनी वाघ पाहू नये असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण चित्र परिचयाचे आहे. मराठवाड्यातून ऊसतोड्या जातो, कापूस जातो, शिकलेला तरुण जातो, आणि वाघही जातो. १९८४ च्या दांडेकर समितीने मराठवाड्याचा अनुशेष मोजला तेव्हा सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, एवढेच काय पशुवैद्यकीय सेवाही मोजल्या. मुलांच्या आनंदाचा आणि ज्ञानाच्या जागांचा अनुशेष मोजण्याचे कोणाला सुचले नाही. आणि जे मोजले गेले नाही ते कोणी भरूनही दिले नाही.

काही सहृदय माणसे विचारतात की, प्राण्यांना कोंडून ठेवणे हेच मुळात क्रौर्य नव्हे काय? मुलांना पडद्यावर जंगल दाखवा, पिंजरे मोडून टाका. प्रश्न खोटा नाही. अरुंद पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा वाघ पाहून मूल शिकते ते दयेचे नव्हे, दांडगाईचे शास्त्र. म्हणूनच मोठी जागा, सावली, पाणी, झाडोरा आणि प्राण्याला लपण्याची मोकळीक असलेले संग्रहालय हवे. जी काटकसर वाघाला कोंदट पिंजरा देते, तीच गावच्या शाळेला गळके छप्पर देते. त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. शिवाय जंगल-सफारी परवडणारे हा सल्ला देतात तेव्हा त्यांनी एक ध्यानात घ्यावे: ताडोब्याची जीप ज्याच्या आवाक्यात आहे त्याला पिंजरे मोडल्याने काही उणे पडत नाही. उणे पडते ते सेलूच्या मुलाला.

या मुलाचे वन्य जीवांशी नाते मुळी नाहीच असेही नाही. काळवीट, रोही आणि रानडुक्कर त्याने बापाच्या रानात पाहिले आहेत. पण पीक तुडवणारे शत्रू म्हणून. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याच्या घरात पोहोचतो तो 'मारलेस तर तुरुंग' एवढ्याच रूपात. काळवीट कोठून आले, त्याचे माळरान कोणी नांगरले, वाघ नाहीसा झाला की हरणांचे काय होते, हे त्याला समजावून सांगणारी एकही जागा आसपास नाही. संरक्षणाचा भार शेतकऱ्याच्या पोराने सोसायचा आणि त्याचे ज्ञान मात्र शहरातील सुखवस्तू मुलांनी घ्यायचे, हा न्याय कोणता?

आता मालकीचा मुद्दा. ऑगस्ट २०१७ मध्ये राणीच्या बागेचे प्रौढांचे तिकीट पाच रुपयांवरून एकदम पन्नास रुपये झाले. विरोधामुळे का होईना, आई-वडील व दोन मुले यांच्यासाठी शंभर रुपयांचे कौटुंबिक तिकीट ठेवावे लागले. नागपूरचा सुमारे १९०० हेक्टरांचा गोरेवाडा प्रकल्प २६ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला; त्याची मूळ आखणीच खासगी मनोरंजन कंपनीच्या भागीदारीची होती. जामनगर येथे तर सुमारे ३००० एकरांच्या हरितपट्ट्यात देशातील सर्वांत धनाढ्य घराण्याचे 'वनतारा' उभे राहिले. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा ते सर्वसामान्यांसाठी खुले नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची 'महादेवी' हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तेथे नेली, आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. न्यायालयाने हत्तिणीच्या प्रकृतीचा विचार केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तपास पथकालाही वनतारात नियमबाह्य काही आढळले नाही. आमचा आक्षेप कायद्याचा नाही, व्यवस्थेचा आहे. आजारी हत्तिणीची काळजी घेऊ शकेल असे सार्वजनिक केंद्र महाराष्ट्रासारख्या संपन्न राज्याने उभारले असते, तर तिला एका उद्योगपतीच्या अंगणात जावे लागले नसते. राजवाड्यातील पशुशाळा जनतेच्या हाती आणण्याचा जो प्रवास १७९४ मध्ये सुरू झाला, तो आपल्या डोळ्यांदेखत उलट दिशेने वळू लागला आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय क्षुल्लक मानू नये. मिटमिट्याचे उद्यान सर्वस्वी सार्वजनिक मालकीचे राहिले पाहिजे. सफारी, वाहनतळ किंवा उपाहारगृह यांच्या आडून ते ठेकेदाराच्या घशात जाता कामा नये. जिल्हा परिषद, आश्रमशाळा आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांना तेथे प्रवेश विनामूल्य असावा, आणि कष्टकरी कुटुंबाला अर्ध्या दिवसाच्या मजुरीहून अधिक खर्च येऊ नये. सेलू, जिंतूर, पाथरी, परतूर यांसारख्या तालुक्यांच्या गावांहून सुटीच्या दिवशी थेट फाटकापर्यंत जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एसटी हवी. आत पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये, आणि घरून बांधून आणलेली भाकरी कोणाच्या दटावणीशिवाय खाता येईल अशी सावली हवी. प्राण्यांची निगा राखणारे कर्मचारी कायम नोकरीत असावेत. ज्याच्या स्वतःच्या पोटाची शाश्वती नाही त्याच्यावर वाघाच्या पोटाची जबाबदारी टाकणे हा दोघांवरही अन्याय आहे. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्या ज्ञानाचा उपयोग आपल्याच विभागाच्या उद्यानाला झाला पाहिजे.

या मागण्या घेऊन महापालिकेकडे, एसटीच्या विभाग नियंत्रकाकडे आणि आमदारांकडे गेले पाहिजे. ग्रामसभांत ठराव केले पाहिजेत. सहलीचे नियोजन कुटुंबाने करावे, असे सांगणाऱ्या पुरवण्या खुशाल निघोत. पण चारशे किलोमीटरांचे अंतर, बुडालेली मजुरी आणि महागडे तिकीट यांचे नियोजन कोणतीही आई घरच्या डब्यातील चिल्लर मोजून करू शकत नाही. ते काम सरकारचे आहे, आणि ते त्याच्याकडून करवून घेणे हे आपले काम आहे.