पट्टा पडला की कुऱ्हाड निघते

कारखान्याचा पट्टा पडला, तोडणीच्या टोळ्या गावाकडे परतल्या, की आपल्या कार्यक्षेत्रात दुसरीच तोड सुरू होते. बांधावरच्या वडाची सावली उसावर पडते म्हणून तो काढायचा, पाणंद रुंद करायची म्हणून कडेच्या चिंचा काढायच्या. पोरीचे लग्न ठरलेले असते आणि वखारवाला सोप्यात येऊन बसलेला असतो. रान मोकळे, वाट वाळलेली, माणसेही रिकामी. शेतकऱ्याच्या सोयीने पाहिले तर शिमग्यापासून रोहिणी निघेपर्यंतचा काळच झाड पाडायचा. या काळाबद्दलच आम्हांला सभासद बंधू-भगिनींपुढे चार शब्द मांडायचे आहेत.

अशा जुन्या झाडांवर बहुधा वटवाघळांची वसाहत असते. कोल्हापूर शहरात टाऊन हॉलच्या बागेत मान वर केली की ती दिसतात, आणि नदीकाठच्या गावांनाही ती नवीन नाहीत. या जातीची मादी वर्षाला एकच पिलू देते, आणि ती वेळ साधारण फेब्रुवारी ते मे अशी पडते. सुरुवातीचे काही आठवडे आई पिलाला पोटाशी घेऊन उडते. पुढे ते जड झाले, की त्याला झाडावरच टांगून ती चाऱ्याला जाते. पिलाला स्वतः उडायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे आपल्याला तोडीची सवड मिळते तेव्हा झाडावर हमखास लेकरे असतात. करवत लागली की मोठी वाघळं उठतात, आभाळात घिरट्या घालतात. पिलं खाली पडतात आणि कुत्री-कावळे त्यांचा फडशा पाडतात. एका दुपारात त्या वसाहतीची वर्षाची वीण संपते. उंदरासारखी वर्षातून चार वेळा वीण असती, तर आम्ही हा विषय काढलाच नसता.

“गेली तर गेली, त्यांचा काय उपेग?” असे कुणी म्हणेलच. उपयोग आहे. मोठी वटवाघळे रात्रीत दहा-वीस किलोमीटर फिरतात आणि वड, उंबर, जांभूळ यांचे बी लांबवर टाकतात. काटेसावरीच्या आणि मोहाच्या फुलांचे परागीकरणही ती करतात. बारकी वाघळं, ज्यांना आपण पाकोळ्या म्हणतो, ती झाडांच्या ढोलीत, सालीच्या फटीत, पडक्या वाड्यात आणि जुन्या विहिरीत राहतात. त्यांचे खाणे म्हणजे पतंग, भुंगेरे, डास. एक पाकोळी रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याइतके किडे सहज फस्त करते. वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून बाभळी-लिंबावर बसतात, हे सभासदांना सांगायला नको. खोडकिड्याचे पतंगही रात्रीच उडतात. आता, पाकोळ्या आहेत म्हणून हुमणी हटेल असे आम्ही म्हणत नाही. प्रकाश सापळे लावावेत, फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत, ते सोडू नये. पण फुकटची राखण आपल्याच हाताने घालवायची हा कुठला हिशेब?

पेरू, चिक्कूच्या बागायतदारांची तक्रार मात्र खरी आहे. वटवाघळे फळ खातात. त्यावर घट्ट ताणलेली बारीक विणीची जाळी हा उपाय आहे. सैल, नायलॉनच्या मोठ्या भोकांच्या जाळीत ती अडकून मरतात आणि फळही वाचत नाही.

दुसरी भीती रोगाची. २०१८ साली केरळात कोझिकोडकडे निपाहने माणसे दगावली. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांतही निपाहच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नोंदवले आहे. त्यांचे नमुने २०२० च्या मार्चमध्ये घेतले होते. म्हणून चोचावलेले, कुरतडलेले फळ खाऊ नये, खाली पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने शिवू नये आणि सांधेदुखीला त्याचे तेल काढण्याचा खुळा नाद तर साफ सोडावा. पण रोगाच्या भीतीने झाड पाडणे म्हणजे आगीत रॉकेल. हुसकलेली वाघळं मरून जात नाहीत, ती गावात, परड्यात, शाळेच्या आवारात पांगतात. शेंड्यावर टांगलेले वाघूळ आपल्यापासून लांब असते, तेच बरे.

कायद्याचेही थोडे सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीला ‘उपद्रवी’ म्हणून बसवली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. चिंच, आंबा, फणस, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वड त्या यादीत नाही. त्यामुळे आपल्याकडे वडाचा वाली गावच. इंग्लंडात १९८१ च्या कायद्याने वाघळाची राहती जागा मोडणेच गुन्हा ठरवला. तिकडे थंडीत ती ढोली-गुहांत झोपून राहतात म्हणून हिवाळा जपावा लागतो. आपल्याकडे तशी थंडी नाही, आपल्याला उन्हाळा जपायचा आहे.

गावाने मनावर घेतले तर काय होते, ते शेजारच्या सांगली जिल्ह्यात दिसले. मिरज तालुक्यातील भोसे येथे रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड आला होता. २०२० साली लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याच्या आखणीत बदल झाला. तो वड २०२२ मध्ये कोसळला, ही गोष्ट वेगळी. पण राष्ट्रीय महामार्ग वाकू शकतो, तर आपली पाणंद चार हात पलीकडून नेता येत नाही काय? मोजणी होण्याआधी ग्रामसभेत हा प्रश्न विचारावा. खुणा मारल्यावर बोलून उपयोग नसतो.

झाड काढणे भागच असेल, तर आधी दोन संध्याकाळी दिवेलागणीला झाडाखाली उभे राहून वर पाहावे, ढोलीतून काय निघते ते कळते. वसाहत असेल तर काम दिवाळी ते संक्रांत या काळात करावे. तेव्हा माणूसबळ उसात गुंतलेले असते, मजुरी जास्त जाते, हे आम्हांला ठाऊक आहे; पण एका झाडाला लागून लागून किती दिवस लागतात? खोड एकदम आडवे न करता फांदी-फांदी उतरवावी, आणि ढोलीची फांदी तोंड वर ठेवून रात्रभर तशीच पडू द्यावी, आतला जीव आपणहून निघून जातो. नुसती सावलीच नडत असेल, तर त्याच दिवसांत उसाकडच्या फांद्या छाटून भागते.

राहता राहिला पैसा. वडाखाली दोन-चार सऱ्यांचा ऊस बारीक राहतो आणि ते नुकसान एकट्या बांधवाल्याचे होते, फायदा मात्र साऱ्या शिवाराचा. हे काही न्यायाचे नाही. ज्याने वसाहतीचे झाड राखले, त्याला ऊस बियाणे आणि खत देताना कारखान्याने अग्रक्रम द्यावा, असे आमचे मत आहे. वार्षिक सभेत हा विषय मांडायचा तर आकडे हवेत. आपल्या शिवारात असे झाड कोणत्या गट नंबरात आहे, ते सभासदांनी पाऊस लागायच्या आत गट कार्यालयात नोंदवावे.