चूक वॉर्डाआधीच होऊ द्या

नर्सिंगच्या वर्गात खेळ घ्यायचा म्हटले की तीन आक्षेप हमखास येतात. जिवाशी गाठ असलेल्या कामात पोरखेळ नको. सिस्टर वॉर्डात घडते, टेबलाभोवती नाही. आणि पोर्शनच उरकत नाही, तिथे खेळायला वेळ कुठला? आक्षेप कळकळीचे आहेत, पण टिकणारे नाहीत.

पहिला आक्षेप इतिहासच खोडून काढतो. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयात परिचारिकांच्या सरावासाठी माणसाएवढा पुतळा आला, तो बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांच्याकडून. सीपीआरच्या सरावाची 'रेसुसी ॲन' १९६० मध्ये आणली, ती नॉर्वेतले खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्दाल यांनी. आज स्किल लॅबमधल्या पुतळ्याला कोणी पोरखेळ म्हणत नाही.

वॉर्डाला पर्याय नाही, हे खरेच. पण रुग्ण अचानक बिघडला की विद्यार्थिनीला बाजूला व्हायला सांगतात, आणि ते योग्यही असते. म्हणजे निर्णयाची घडी तिने फक्त पाहिलेली असते. ती घडी खेळात तिच्या वाट्याला येते. चौघींपुढे कार्ड पडते: वय ७०, हृदयविकार, ५०० मिलि सलाईन ४ तासांत. समोरचा सेट एका मिलिला २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. एकजण मायक्रो सेटचे ६० थेंब धरून १२५ सांगते. त्या गतीने बाटली ८० मिनिटांत रिकामी! पुढचे कार्ड उलटते: आजोबांना धाप लागली आहे, झोपवत नाही. आता आधी काय कराल? ड्रिप बंद, डोके उंच, ऑक्सिजन की डॉक्टरांना फोन? चौघी वाद घालतात, आणि सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचायचा असतो हे पक्के ठसते. कोणाच्याही फुप्फुसात पाणी न होता.

वेळेचे म्हणाल, तर तेच सूत्र वर्गात, परीक्षेआधी आणि वॉर्डात पुन्हा पुन्हा सांगण्यात वेळ जातोच. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागाही आहे.

मात्र प्रत्येक खेळ कामाचा नाही. मोबाइलवर झटपट उत्तराला गुण देणारी प्रश्नमंजूषा घाई शिकवते, आणि औषध देताना घाई हाच दोष आहे. खेळात चुकांचे परिणाम दिसले पाहिजेत. डाव संपल्यावर वॉर्डाचा अनुभव असलेल्या ट्यूटरने 'असे का केलेस?' हे न रागावता विचारले पाहिजे. ही चर्चा गाळली, तर उरते ती निव्वळ करमणूक. आणि खेळाच्या नावाखाली वॉर्डचे तास कापू नयेत.

तेव्हा प्रत्येक कॉलेजने निदान तीन गोष्टी आधी खेळात उतरवाव्यात: ड्रिपची गती, औषधाची मात्रा आणि ड्यूटी बदलतानाचा हँडओव्हर. विद्यार्थिनी चुकणारच. त्या चुकीची किंमत रुग्णाने मोजू नये, ही व्यवस्था करणे शिक्षकांचे कर्तव्य आहे.