ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

वैद्यकीय परिभाषेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा एकाच प्रश्नाशी येऊन थबकते : शब्द इंग्रजी असावा की मराठी? १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने औषधशास्त्र, विकृतिशास्त्र अशा विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले, हे कार्य मोठेच. तरीही ‘आंत्रपुच्छदाह’ हा शब्द पुस्तकांत राहिला आणि लोकांच्या तोंडी ‘अपेंडिक्स’ रुळले. माझ्या मते हा वाद गौण आहे. अपरिचित शब्दाचा अर्थ रुग्ण निदान विचारून तरी घेतो. घात करतो तो ओळखीचा वाटणारा शब्द, कारण त्याविषयी कोणी विचारतच नाही.

डेंग्यूच्या दिवसांत पुणे–सोलापूर महामार्गावरील यवतसारख्या गावी, किंबहुना महाराष्ट्रात कोठेही, ‘पांढऱ्या पेशी चाळीस हजारांवर आल्या’ असे वाक्य कानी पडते. बोलणाऱ्याला अभिप्रेत असतात त्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबिका. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या सर्वसाधारणपणे दीड ते साडेचार लाख असतात. खऱ्या पांढऱ्या पेशी मात्र चार ते अकरा हजारच. म्हणजे चाळीस हजार हा आकडा प्लेटलेट्सचा असेल तर त्या बऱ्याच घटल्या आहेत, आणि पांढऱ्या पेशींचा असेल तर त्या बेसुमार वाढल्या आहेत. पुण्यातील डॉक्टरांना दूरध्वनीवरून एवढेच वाक्य सांगितले, तर त्यांनी काय समजावे? ‘मृग’ शब्दाचा अर्थ ‘पशू’वरून ‘हरीण’ एवढाच उरला, हे अर्थसंकोचाचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. त्यात कोणाचे काही बिघडले नाही. येथे बिघडू शकते.

‘पॉझिटिव्ह’चेही तसेच. एरवी हा शब्द चांगल्याचा सूचक. तपासणीत त्याचा अर्थ इतकाच, की जे शोधले ते सापडले. थुंकीत क्षयाचे जंतू सापडणे ही चिंतेची बाब. गर्भधारणेच्या चाचणीत मात्र त्याच शब्दाने घरात पेढे येतात!

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती ‘नॉर्मल’ या शब्दाची. ऊस आणि गुऱ्हाळांच्या या टापूत ‘शुगर’ हा शब्द आता साखरेपेक्षा मधुमेहासाठीच अधिक वापरला जात असावा. ‘शुगर नॉर्मल आली’ याचा अर्थ ‘आजार गेला’ असा घेतला जातो आणि गोळी बंद होते. वास्तविक तो आकडा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो, आणि तोही त्या वेळेपुरता. गेल्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी अंदाज देणारी एचबीएवनसी ही चाचणी निराळी.

याउलट, परके शब्द काही वेळा अधिक प्रामाणिक असतात. फोड करताच अर्थ सांगतात. ‘ग्राफी’ म्हणजे चित्रण, ‘स्कोपी’ म्हणजे आत पाहणे, ‘प्लास्टी’ म्हणजे दुरुस्ती, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणे. कृत् आणि तद्धित प्रत्यय ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला हे चार-पाच ग्रीक घटक जड जाऊ नयेत. अँजिओग्राफी ही तपासणी, अँजिओप्लास्टी हा उपचार. संमतिपत्रावर सही करणाऱ्या कुटुंबाला हा भेद ठाऊक नसेल, तर ‘वाचून, समजून सही केली’ या छापील ओळीला काय अर्थ उरतो?

तेथे ‘अँजिओप्लास्टी’ हा शब्द खुशाल राहू द्यावा. त्याखाली एवढे लिहावे : ‘हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करतील, गरज पडल्यास ती उघडी राहावी म्हणून आत जाळीची नळी बसवतील.’ अशा ओळी लिहिण्यासाठी डॉक्टरांच्या शेजारी मराठीचा जाणकार बसावा लागेल, आणि छापण्यापूर्वी त्या यवत-केडगावच्या चार रुग्णांना वाचून दाखवून, त्यांना काय कळले ते त्यांच्याच शब्दांत ऐकून घ्यावे लागेल.